दंडावर खूण नव्हती

स्वेटरची बाही वर गेली. मी दंडावर कापूस फिरवला, सिरिंज उचलली आणि परत ट्रेमध्ये ठेवली. दंड कोरा होता.

"दुसरा हात दाखव," मी म्हणाले.

तिने दुसरी बाही वर केली. लहानपणी सगळ्यांना देतात त्या लसीचा जुना व्रण तेवढा होता. मी शोधत होते ती खूण तिथेही नव्हती.

"टोचा ना बाई," ती मास्कच्या आडून म्हणाली. "लय लांबून आले मी."

समोरच्या कार्डावर नाव यमुनाचं होतं. उंची यमुनाची, अंगातला जांभळा स्वेटरही यमुनाचाच. पण यमुनाच्या डाव्या दंडावर गेल्या महिन्यात इंजेक्शनच्या जागी चांगला बोराएवढा फोड आला होता. तो पिकून फुटला होता आणि मीच तो पुसून कोरडा ठेवायला सांगितलं होतं. असा फोड बरा होतो, पण जाताना खूण ठेवून जातो. पंधरा-वीस दिवसांत कातडी इतकी साफ होत नाही.

मी नर्स आहे. महापालिकेच्या दवाखान्यात आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं टीबीच्या पेशंटमध्ये. रिटायर झाल्यावर घरी बसून करणार काय, म्हणून नाशिकमधल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात 'स्टडी नर्स' म्हणून लागले. गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. आमचे सर, म्हणजे तिथले छातीचे डॉक्टर, म्हणाले होते, "बसून करायचं काम आहे, सिस्टर." नर्सिंगमध्ये बसून करायचं काम कुठलंच नसतं, हे निदान मला तरी कळायला हवं होतं.

स्टडी म्हणजे औषधाची चाचणी. टीबीच्या नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि जोडीला दर पंधरवड्याला एक इंजेक्शन घ्यायचं. गोळ्या जंतू मारतात. हे इंजेक्शन जंतू मारत नाही, ते आपल्याच शरीराला लढायला उठवतं. त्याला इम्युनोथेरपी म्हणतात. औषधात टीबीच्या जंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदाचे मेलेले जंतू असतात. ते बघून शरीरातल्या पहारा देणाऱ्या पेशी जाग्या होतात. असल्या पेशी कातडीत दाटीने असतात, म्हणून हे औषध दंडाच्या मांसात द्यायचं नाही, कातडीच्या खालीही नाही. कातडीतच द्यायचं.

सांगायला सोपं आहे. कातडी असते जाड पुठ्ठ्याएवढी. सुई जवळजवळ आडवी धरायची, टोक जेमतेम आत गेलं की थांबायचं. औषध सोडताना अंगठ्याला जोर लागला पाहिजे. सहज गेलं तर समजायचं की खोल गेलं आणि वाया गेलं. बरोबर गेलं की डास चावल्यासारखा पांढरट फुगवटा उठतो आणि त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. त्यानंतर चोळायचं नाही. आपल्याकडे सुई टोचली की चोळायची इतकी सवय आहे, की मला दर वेळी पेशंटचा दुसरा हात धरून ठेवावा लागतो.

तर या कोऱ्या दंडाकडे बघत मी बसले होते.

"मास्क खाली कर," मी म्हणाले.

तिने आधी मान हलवली. मग नाइलाजाने मास्क हनुवटीखाली ओढला. वय विशीच्या थोडं पुढे. गाल बसलेले, डोळे मोठे. यमुना नव्हतीच.

"कोण तू?"

"जाऊ हाय मी तिची. धाकली. रंजना."

आधी मला घाम फुटला, थंडीच्या दिवसांत. बाही थोडी कमी वर गेली असती, मी थोडी जास्त दमलेली असते, तर सुई आत गेली असती. मग राग आला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तिने शालीखालून पोटावर हात ठेवला होता. बायका तसा हात एकाच कारणाने ठेवतात.

"कितवा?"

"पाचवा."

या स्टडीत गरोदर बाईला इंजेक्शन द्यायला सक्त मनाई होती. तिच्यावर आणि बाळावर त्याचा काय परिणाम होईल हे कोणालाच माहीत नव्हतं. यमुनाची आम्ही दर वेळी तपासणी करत होतो. रंजनाची कोण करणार? कार्डावर ती नव्हतीच.

"तुला काय झालंय हे टोचून घ्यायला? तुला कोणी पाठवलं?"

"कोनी न्हाई. आम्हीच ठरवलं. तुम्हीच म्हनल्या व्हत्या ना तिला, आता खाडा पडला तर नाव कटंल. मंग खाडा नको म्हनून मी आले बदली."

मी कपाळाला हात लावला. म्हणाले होते मी तसं. अगदी याच शब्दांत.

यमुना आणि रंजना दोघी कळवण तालुक्यातल्या डोंगराकडच्या पाड्यावरच्या. पावसाळ्यानंतर घरं बंद करून दोघींचे नवरे, दीर, सगळे टोळीबरोबर द्राक्षबागांवर उतरतात. टोळी म्हणजे मजुरांचा गट. मुकादम बागेचं काम ठरवून अंगावर घेतो आणि सगळे तिथेच शेडमध्ये राहून ते संपवतात. सध्या थिनिंग चालू होतं. घडातले जादा मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले चांगले फुगतात. हे काम लांबवता येत नाही. मणी मोठे झाले की घड घट्ट होतो आणि कात्री आत जात नाही. म्हणून टोळीत एक कडक नियम असतो. खाडा करायचा नाही. आजारी पडलात, मयत झाली, काही झालं तरी आपल्या जागी घरातलं माणूस पाठवायचं. त्याला बदली म्हणतात. बदली आली की हजेरी लागते, जागा शाबूत राहते, कोणी काही विचारत नाही.

यमुनाला टीबी दुसऱ्यांदा झाला होता. पहिल्यांदा गोळ्या पूर्ण करूनही तो उलटला होता, म्हणून तर ती आमच्या स्टडीत बसली. दिवाळीच्या सुमारास तिचा एक डोस चुकला. स्टडीचा नियम असा की लागोपाठ दोन चुकले की पेशंट बाहेर. प्रत्येक डोसला पुढे-मागे काही दिवसांची सवलत असते, तिला आम्ही 'विंडो' म्हणतो. हे सगळं यमुनाला समजावून सांगताना विंडो, प्रोटोकॉल असले शब्द माझ्या तोंडून निघाले आणि तिच्या डोक्यावरून गेले. म्हणून मी तिच्या भाषेत सांगितलं, "खाडा करू नको. नाव कटेल." तिला पुरतं समजलं. तिने तिच्या कामावर जे केलं असतं तेच इथे केलं.

"अगं, पण मग तू बागेत बदली जायचंस आणि तिने इथे यायचं," मी म्हणाले.

"मला मुकादम घेत न्हाई. पोटुशी बाई बागेत नको म्हनतो, फवारनी चालती. मी शेडात भाकरी करते. आन रांगेत उभं राह्याची कामं माझ्याकडं. रेशन, बँक, दवाखाना."

तिला खोकल्याची उबळ आली. मास्क वर ओढून ती बाजूला वळून खोकली. सकाळी बाहेरच्या बाकावर हीच खोकत होती. तेव्हा आतून ऐकून मी मनाशी म्हटलं होतं, यमुनाचा थांबलेला खोकला परत आला की काय, सरांना सांगायला हवं. आता ती काळजी मिटली. खोकणारी यमुना नव्हती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

भरलेली सिरिंज बाद करून मी सरांकडे गेले. सरांचा स्वभाव वाईट नाही, पण त्यांना कुठलीही गोष्ट उभ्या उभ्या ऐकायची असते.

"टोचलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"सर, मी इथे उभी आहे ना अजून. टोचलं असतं तर आडवी पडले असते."

त्यांनी कंपनीच्या मॉनिटरला फोन लावला. मॉनिटर म्हणजे स्टडी नियमाप्रमाणे चाललाय की नाही ते बघणारी व्यक्ती. या मॅडम दुसऱ्या शहरात बसत आणि मराठी चांगलं बोलत, पण माणसांना सब्जेक्ट म्हणत आणि हॉस्पिटलला साइट.

"सब्जेक्ट सध्या कुठे आहे?"

"विंचूरजवळच्या एका बागेत," मी म्हणाले.

"आणि विंडो कधी संपते?"

"आज."

"मग आज पाचच्या आत सब्जेक्ट साइटवर आणा. डोस साइटबाहेर देता येणार नाही. नाही आली तर विड्रॉ करावं लागेल. आय ॲम सॉरी."

सॉरी त्या मनापासून म्हणाल्या असतील. त्यांच्याही वर कोणीतरी असणारच.

फोन करून बोलावून घ्यावं म्हटलं, तर घरातला एकुलता फोन रंजनाच्या पिशवीत होता. बागेत फोन मुकादमाकडे. मी नंबर मागितला तर रंजनाने माझा हातच धरला.

"बाई, त्याला नका लावू. त्याला ठावं न्हाई तिला टीबी हाय. कळलं तर टोळीतून काढतील. एका शेडात झोपतो आम्ही समदे."

गोळ्या नीट घेतल्या की काही आठवड्यांत बहुतेकांचा टीबी पसरायचा थांबतो. यमुनाच्या थुंकीत आता जंतू सापडत नव्हते. हे मी मुकादमाला तासभर समजावून सांगितलं असतं आणि त्याने ऐकूनही घेतलं असतं. आणि संध्याकाळी यमुनाला काढलं असतं. इतकी वर्षं मी हेच बघत आले आहे. त्या औषधाने यमुनाला किती फायदा होईल हे मी छातीठोक सांगू शकत नव्हते, म्हणून तर चाचणी चालली होती. पण एकदा उलटलेला टीबी पुन्हा उलटला तर काय होतं, हे मी वॉर्डात पाहिलं होतं. हा डोस मला तिच्या हातून जाऊ द्यायचा नव्हता.

"जाऊन घेऊन येते," मी सरांना म्हणाले. "गाडी द्या."

"ॲम्ब्युलन्स घेऊन जा."

"ॲम्ब्युलन्स बागेच्या बांधावर उभी केली तर उद्या अख्ख्या विंचूरला कळेल."

सरांनी स्वतःची गाडी आणि ड्रायव्हर दिला. मी ॲप्रन काढून पिशवीत कोंबला. डबा तसाच टेबलावर राहिला. रंजना मागच्या सीटवर बसली आणि शहर संपायच्या आत झोपली, ती थेट विंचूरला जागी झाली. पोटुशी बाई, पहाटे उठून आलेली, दमली असेल, मी मनाशी म्हटलं. मीही दमले होते. मला झोप लागत नव्हती इतकंच.

बागेच्या तोंडाशी मुकादम भेटला. मफलर गुंडाळलेला, पन्नाशीचा, हातात कात्री. मांडवाखाली बायका ओळीने हात वर करून उभ्या होत्या. दिवसभर हात वर. यमुना कुठली ते मला मागूनच कळलं, तिची कात्री सगळ्यांच्या पुढे चालली होती.

"कोन पाहिजे?" मुकादमाने विचारलं.

खोटं मी गाडीतच ठरवून आणलं होतं. "मी दवाखान्यातून आले. ही रंजना सकाळी आमच्याकडे आली होती. तिची तब्येत मला बरी वाटत नाही. पाचवा महिना आहे. डॉक्टरांना दाखवायचंय, सोबत घरचं बाईमाणूस लागतं."

त्याने रंजनाकडे बघितलं. "काय झालं गं?"

रंजनाने खाली बघितलं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला तेवढंच जमतं.

"आज बागेतल्या शेवटच्या ओळी हायेत बाई," तो मला म्हणाला. "यमुनावानी हात न्हाई टोळीत. दुसरी कोनी न्या."

"दुसरी तिची जाऊ आहे का?"

"बदली?" त्याने विचारलं.

"बदली कुठून आणू? मी उभी राहू का?"

हे ऐकून जवळच्या दोघी हसल्या. मुकादमही हसला, आणि हसला म्हणून सुटलो. "जा. अर्धा खाडा लागंल तिला," तो म्हणाला आणि यमुनाला हाक मारली.

यमुना मला बघून पांढरीफटक पडली. कात्री मुकादमाकडे देऊन ती गाडीत बसली. दार लागल्यावर म्हणाली, "सिस्टर, त्याला सांगितलं?"

"नाही."

"मंग ठीक." तिने डोळे मिटले. मग पुन्हा उघडले. "तुम्ही चिडल्या?"

"चिडले. तिच्या पोटात बाळ आहे आणि तू तिला माझ्या सुईखाली बसवलंस. हे औषध तुझ्या आजारासाठी आहे. तिच्या दंडात गेलं तर तुझ्या छातीत कसं पोचणार?"

"ते मला कळतं," यमुना म्हणाली. "मी काय येडी न्हाई. एवढी बारी ती लावंल, म्हंजे नाव राहील, पुढची बारी मी येईन. असं ठरवलं व्हतं. हजेरी लागली म्हंजे झालं, असं वाटलं."

हजेरीसाठी केलेल्या गोष्टी मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या करणारे सगळे शिकलेले होते.

गाडी निफाडच्या पुढे आली असेल. काचा बंद, ड्रायव्हरने हीटर लावलेला. मागे खोकल्याची उबळ आली, लांबलेली, ओली. शाल तोंडावर दाबून धरल्यासारखा आवाज. आणि माझ्या बाजूची काच खाली गेली. बर्फासारखं वारं आत आलं.

"मॅडम, थंडी आहे," ड्रायव्हर म्हणाला.

काचेच्या बटणावर माझंच बोट होतं.

टीबीच्या वॉर्डात नव्या नर्सला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती औषधाची नसते. खिडकी उघडायची. जंतू कोंडलेल्या हवेत तरंगत राहतात, वारा आला की पांगतात. इतक्या वर्षांत ते अंगात मुरलं होतं. बसमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, कोणी तसं खोकलं की माझा हात खिडकीकडे जातो. तसं म्हणजे कसं, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. हाताला कळतं.

मी मागे वळून बघितलं. यमुना, जिला टीबी होता, ती शांत बसली होती. तोंडाला शाल लावून बसली होती ती रंजना.

"कधीपासून खोकतेस गं?"

"दिवाळीपासनं," उत्तर यमुनाने दिलं. "औषधाचा वास हाय ना बागेत, त्यानं. समद्यांनाच व्हतो."

"ताप?"

"अंग कणकण करतं सांजच्याला."

"रात्री घाम येतो?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. "वली चिंब व्हती," यमुना म्हणाली. "पोटुशी हाय म्हनून आसंल, म्हनलं."

"तुझ्या आजाराच्या वेळी सरकारी माणूस घरच्यांची तपासणी करायला आला होता. तेव्हा ही कुठे होती?"

"म्हायेरी."

म्हणजे तिचा खाडा पडला होता. त्या एका खाड्याला बदली गेली नव्हती आणि त्याबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं. पाचव्या महिन्यात गाल बसलेले, पुन्हा पुन्हा येणारी खोकल्याची उबळ, गाडीत बसल्या बसल्या लागलेली झोप, हे सगळं सकाळपासून माझ्यासमोर होतं. मला ते यमुनाचं असेल तर काळजी होती आणि यमुनाचं नाही म्हटल्यावर मी ते सोडून दिलं होतं. मला स्वतःची शरम वाटली. उरलेल्या रस्त्यात मी काच वर केली नाही आणि ड्रायव्हरने हीटर बंद केला.

हॉस्पिटलला पोचलो तेव्हा पाचला थोडाच वेळ होता. फार्मसीतला माणूस शटरला हात लावून उभा होता. औषध काढलं, सिरिंज भरली, यमुनाची बाही वर केली. डाव्या दंडावर ती खूण होती, तांबूस, मधे खळगी पडलेली. मी तिच्यावरून एकदा बोट फिरवलं. मग उजव्या दंडावर सुई आडवी धरली. अंगठ्याला जोर लागला. फुगवटा चांगला उठला.

"चोळू नको," मी म्हणाले.

"म्हाईत हाय," यमुना म्हणाली.

सर पिशवी घेऊन निघायच्या बेतात होते. "मिळाला डोस? गुड. सुटलो," ते म्हणाले.

"सर, जावेला बघा."

"कोणाला?"

"जिला सकाळी टोचणार होते तिला. तिला टीबी आहे असं मला वाटतं."

"ती स्टडीत नाही, सिस्टर."

"म्हणूनच म्हणते, बघा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, उभ्या उभ्या नाही, स्टूल ओढून. मग माझ्याकडे बघून नुसती होकारार्थी मान हलवली. मी थुंकीची डबी घेऊन रंजनाला गच्चीवर नेलं. हे उघड्यावर करायचं असतं. खोल श्वास घे, पोटातून खोक, लाळ नको, असं सांगत मी वाऱ्याच्या मागच्या बाजूला उभी राहिले. गच्चीवरून रस्त्यावरचे दिवे लागलेले दिसत होते. तिने डबी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "माझ्या बाळाला व्हईल का?"

"गोळ्या घेतल्यास तर बहुतेक नाही," मी म्हणाले. "या गोळ्या पोटुशीला चालतात. ते इंजेक्शन चालत नाही. म्हणून आधी उपाशीपोटी देवाचे आभार मान आणि मग कॅन्टीनला चल, मीही जेवले नाही."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. टीबी होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगायला मला फारसं आवडत नाही. रंजनाच्या गोळ्या सरकारी केंद्रातून सुरू झाल्या. एका शेडमध्ये झोपणाऱ्या सगळ्यांना तपासणं भाग होतं. केंद्रातल्या लोकांनी कोणाचं नाव घेतलं नाही, थंडीतल्या खोकल्याची तपासणी म्हणून सांगितलं. बाकी कोणाला काही निघालं नाही. पण मुकादम दुधखुळा नव्हता. बाग संपेपर्यंत त्याने यमुनाला ठेवलं, कारण तसा हात दुसरा नव्हता. त्यानंतरच्या बागेला त्यांच्या घरातल्या कोणालाच बोलावलं नाही. यमुनाने मला हे पुढच्या डोसच्या वेळी सांगितलं, भाकरी करपली हे सांगावं तशा सुरात. मला खूप वाईट वाटलं. जे लपवण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते मीच खिडकी उघडून बाहेर काढलं होतं. तरी काच पुन्हा तशीच खाली केली असती, हेही खरं. ते लोक आता कळवणकडेच कांद्याच्या कामाला जातात.

यमुनाचे सगळे डोस पूर्ण झाले. रंजनाला उन्हाळ्यात मुलगी झाली, वजनाला जरा कमी, पण खणखणीत रडणारी. बाळंतपणात तिच्या गोळ्या न्यायला यमुना केंद्रात जात होती. तिथे ते चालतं. गोळ्यांच्या रांगेत कोणीही उभं राहावं, गिळायच्या ज्याच्या त्याने.

मुकादमाला मी सांगितलं होतं, रंजनाची तब्येत बरी नाही, डॉक्टरांना दाखवायचंय. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ खोटं बोलले, पेशंटच्या भल्यासाठी म्हणून. त्यातलं हे एकच संध्याकाळपर्यंत खरं झालं.

मॉनिटर मॅडम पुढच्या भेटीला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, असा प्रकार परत होऊ नये म्हणून साइट काय करणार? सरांनी सांगितलं, आता प्रत्येकाचा मास्क काढून चेहरा फोटोशी ताडून बघू. मॅडमना ते पटलं. मीही ते करते. खाडा हा शब्द मी पेशंटसमोर वापरायचा बंद केला.

पण पेशंट खुर्चीत बसला की चेहरा बघायच्या आधी मी एक प्रश्न विचारते. तो कोणी मला विचारायला सांगितलेला नाही आणि त्याचं उत्तर लिहायला कुठे जागाही नाही. बाही वर करता करता विचारते, घरात आणखी कोण खोकतंय?